माणसं फोडणारे जावईबापू

ईश्वरदास आमचे जावई. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे, रुख्मिणीताईचे नवरे. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी उठून हात धुवावेसे वाटतात. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात टाकणं नाही, असा हा माणूस. गल्लीत कुणी विचारलं, "ईश्वरदास, सध्या काय करून राहिला गा?" तर हसून सांगायचे, "लोकाईचं भलं करून राहिलो."

भलं कसं, ते सांगते. एखाद्या सेठला चांगला विणकर किंवा रंगारी हवा असला की तो दुसऱ्याच्या मागावरून उठवून आणून द्यायचा, हा त्यांचा धंदा. गरजूंना काम लावून देणारी माणसं पुष्कळ असतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. ईश्वरदासांना गरजू माणूस नकोच असायचा. ते म्हणायचे, "रिकामा कारागीर घेऊन काय करू? त्याले कोणी ठेवलं नाई म्हणून तर तो रिकामा." आपल्या जागी सुखानं बसलेला, ज्याच्यावाचून मागं कुणाचं तरी अडणार, असाच माणूस ते हेरायचे.

स्वतः मूळचे उमरेडचे विणकर. पण हात असा की त्यांच्या लुगड्याचा काठ सरळ रेषेत कधी गेला नाही. विणकरांच्या सोसायटीनं तीनदा माल परत केला, तेव्हा माग विकून टाकला. विणता येत नव्हतं, पण दुसऱ्यानं विणलेलं मात्र अचूक ओळखता यायचं. लुगडं बोटांत धरून सांगायचे, हे अमक्याच्या हातचं, याचा उजवा हात भारी आहे. हा गुण देवानं त्यांना कशासाठी दिला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

तांडापेठेच्या मागं आमची कोष्ट्यांची गल्ली. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत घराघरातून मागांचा खटखटाट चालायचा. विणकर एकदा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की त्याच्याशी बोलायला सवड मिळत नाही. पण गल्लीत कुणी वारलं की सगळे माग बंद. मयत उचलून घाटावर जाऊन येईपर्यंत कुणी धोट्याला हात लावायचा नाही. सगळे कारागीर एकाच वेळी बाहेर, आणि हात रिकामे. ईश्वरदासांनी हे बरोबर ओळखलं होतं. कुणाच्याही मयतीला ते सायकलवरून हजर. पांढरा टेरिलीनचा शर्ट, पायात करकरणाऱ्या चपला. तिरडीला खांदासुद्धा द्यायचे.

धोंडबा रंगाऱ्याचा बाप मेला तेव्हाची गोष्ट आमच्या बाबांनी डोळ्यांनी पाहिलेली. धोंडबाच्या हातचा लाल रंग असा बसायचा की दहा धुण्यात हलायचा नाही. सोसायटीच्या बारा मागांचं सूत तोच रंगवायचा. पुढं धोंडबा मडकं धरून चाललेला, डोळे सुजलेले, आणि त्याच्या कानाला लागून ईश्वरदास. लोकांना वाटलं, सांत्वन करत आहेत. ते त्याला विचारत होते, "महिन्याचं किती पडते गा तुले?" तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडबा सोसायटी सोडून दुसऱ्या सेठकडं गेला. सोसायटीच्या त्या वर्षीच्या लुगड्यांनी पहिल्याच धुण्यात रंग सोडला, आणि दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले.

बाबा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा आई म्हणाली, "हळू बोला. जवाई हाय आपला."

हेच तर होतं सगळं. जावई. आमच्याकडे जावयाला देव म्हणायची रीत, आणि देवाला कसला धंदा करतोस म्हणून कोण विचारणार? ते आले की आई पाट मांडायची, पाणी द्यायची, पदर सावरून बाजूला उभी राहायची. ते बसायचे आणि समोरच्याचे हात पाहायचे. चेहरा नंतर, आधी हात. मी मेहुणी, थट्टेचा हक्क माझा, म्हणून एकदा म्हटलं, "भाऊजी, हात पाहून भविष्य सांगता काय?" ते म्हणाले, "भविष्य सांगत नाई वं, बनवतो." स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी आणखी एक करंजी उचलली.

आता काठाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरचा करवती काठ गल्लीत नावाजलेला. करवतीसारखे बारीक दाते असतात काठाला. ते दाते छापत नाहीत, विणतात. काठाचा धागा आणि लुगड्याच्या अंगाचा धागा वेगळे. दर ओळीला ते एकमेकांत अडकवून मागं फिरवायचे. एका माणसाला ते जमत नाही. विणकर खड्ड्यात बसतो आणि त्याच्या डाव्या अंगाला लाकडी पाटीवर दुसरं माणूस बसतं. काठाचा धागा नेणारा तिसरा धोटा त्याच्या हाती. त्यानं धागा केसभर जास्त ओढला तर दाता सुरकुततो, कमी ओढला तर फाकतो. आमच्या घरी खड्ड्यात माझा भाऊ गोविंदादादा बसायचा. डाव्या बाजूला लग्नापर्यंत रुख्मिणीताई बसायची. ती एकसष्टला सासरी गेली, त्याआधी वर्षभर तिनं माझा हात बसवला. माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं तिनं. चुकले की चिमटा. मग तिच्या जागी मी.

सोसायटीच्या वहीत लिहिलेलं असायचं 'गोविंदाचा काठ'. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. माग पुरुषाच्या नावावर असतो, तसा काठही त्याच्या नावावर. डाव्या बाजूला कोण बसतं ते घरातल्यांना माहीत. ईश्वरदासांना काठ ओळखता यायचा, पण वहीत जे नाव, तेच हाताचं नाव, डावीकडं कुणीही चालेल, असं ते धरून चालले. आयुष्यभर माणसं पारखणाऱ्याची चूक झाली ती इथं.

एकोणसत्तरची दिवाळी. ताई आणि ते जेवायला आले. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, वडाभात होता. सगळं वाढून झालं, बाबा म्हणाले, "जवाईबापू, करा सुरू." ईश्वरदासांचा हात ताटाच्या वर थांबला.

"मामाजी, एक मागणं हाय. हो म्हणान तर घास घेतो."

जावई ताटावर रुसला की घराची अब्रू जाते. अंगठी, घड्याळ, सायकल, असलं काहीतरी मागतात लोक. बाबांनी विचारलं, "काय पाह्यजे?"

"गोविंदा."

कन्हानजवळ एका सेठनं यंत्रमागांची शेड टाकली होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांना करवती काठ हवा होता आणि तो यंत्रावर निघत नव्हता. म्हणून सेठनं शेडच्या कोपऱ्यात हातमाग बसवले होते. दादाला मास्तर म्हणून नेणार, खोली देणार, पगार देणार. दादा मान खाली घालून बसला. त्याला जायचं नव्हतं, मला माहीत होतं. पोळी थंड होत चालली होती आणि ईश्वरदासांचा हात तिथंच. आईनं बाबांना कोपरानं ढोसलं. बाबा म्हणाले, "न्या."

मग त्यांनी तुपाची धार वाढवून मागितली. मला तेव्हा पहिल्यांदा किळस आली. आपल्या भावाला ताटातल्या चटणीसारखं मागून नेलं या माणसानं, आणि आम्ही वाढत राहिलो.

दोन महिन्यांत शेडवरून बातमी आली की काठ जमत नाही. दादाच्या डाव्या बाजूला सेठनं तीन माणसं बदलून पाहिली. दाते कुठं सुरकुतलेले, कुठं फाकलेले. सेठनं ईश्वरदासांना बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "अर्धाच कारागीर आणला काय?" दादानंच नंतर सांगितलं मला हे, आणि सांगताना रडला. त्याच्या तोंडून माझं नाव निघालं होतं. त्याला वाईट हेतू नव्हता. डाव्या बाजूला कोण होतं, एवढंच त्यानं खरं सांगितलं.

त्याच आठवड्यात ईश्वरदास घरी आले. मी मागाजवळ सुताच्या कांड्या भरत बसले होते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी माझा डावा हात मनगटाला धरून उचलला. उलटा केला. अंगठ्याजवळच्या घट्ट्यावरून बोट फिरवलं, बाजारात वांगं दाबून पाहतात तसं. आठ वर्षं मी त्या माणसाला पाणी दिलं, ताट वाढलं, पण माझा हात त्यांनी त्या दिवशी पाहिला.

"तुह्याच हातचं होतं काय वं हे सारं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. मी हात सोडवून घेतला आणि मोरीवर जाऊन साबणानं धुतला.

पण बिनलग्नाची पोरगी कन्हानच्या शेडमध्ये कोण पाठवणार? तेवढी अक्कल बाबांना होती, आणि ती बाबांना आहे हे ईश्वरदासांना ठाऊक होतं. म्हणून ते सरळ काही बोलले नाहीत. महिन्याभरानं स्थळ घेऊन आले. मुलगा ओमप्रकाश, त्याच शेडमध्ये मिस्त्री, यंत्रमाग दुरुस्त करायचा. घरी एकटी आई, पार्वतीबाई. हुंडा नको, मानपान नको, लग्नाचा खर्चही अर्धा मुलाकडून. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती देवापुढं साखर ठेवून आली. मी म्हटलं, "माय, हुंडा काहून नको म्हणतात, हे विचार ना." आई म्हणाली, "तुले चांगलं झालेलं पाहावत नाई काय वं?"

पाहायला आले ते पाच जण. ईश्वरदास, ताई, ओमप्रकाश, पार्वतीबाई आणि एक जाडा चष्मेवाला. तो कोण, हे कुणी सांगितलं नाही. मला नाव विचारलं, मी सांगितलं. स्वयंपाकाचं विचारलं नाही. चालून दाखव म्हणाले नाहीत. पार्वतीबाई म्हणाल्या, "जरा मागावर बसून दाखव बाई."

शेजारच्या काकांना खड्ड्यात बसवलं आणि मी डाव्या पाटीवर. त्या क्षणी सगळं माझ्या ध्यानात आलं. चष्मेवाला पुढं येऊन वाकला, वही काढली. तो सेठचा माणूस होता. ओमप्रकाशनं माझ्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही. त्यालाही कुणी विचारलं नसावं. बायको मिळते म्हणून आणून बसवला होता बिचाऱ्याला. मी ठरवलं, विणायचंच वाईट. धागा ओढायचा, दाते सुरकुतवायचे, म्हणजे उठून जातील.

पण जमलं नाही. आजही मला माझ्या या हाताचा राग येतो. मी ओढायला जायचे आणि बोटं आपोआप सैल व्हायची. हाताला खोटं करताच येईना. अर्ध्या तासात चार बोटं काठ झाला, एकेक दाता कोरल्यासारखा. चष्मेवाल्यानं पार्वतीबाईंकडं पाहून मान हलवली. मी उठता उठता पार्वतीबाईंना विचारलं, "हात मोडला माह्या, तर ठेवान काय मले?"

त्यांनी ईश्वरदासांकडं पाहिलं. ईश्वरदास म्हणाले, "सेठ डॉक्टर ठेवते शेडमधी. काही चिंता नाई."

जेवणाची पंगत बसली. मी वाढत होते. ईश्वरदासांचा हात ताटावर थांबला, मला वाटलंच होतं. "मामाजी," ते म्हणाले, "अनुसया द्या." बाबांनी आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली. बाबांचे ओठ हलले, ते हो म्हणणार होते. जावयाचा हात हवेत आहे, पाहुणे बसलेत, दुसरं काय म्हणणार? मी वरणाचं भांडं खाली ठेवलं, पुढं झाले आणि ईश्वरदासांचं भरलेलं ताट त्यांच्यासमोरून उचललं.

"भूक नाई तर ताट काहून अडवून ठेवता भाऊजी?" म्हटलं, आणि मागच्या अंगणात जाऊन गाईच्या टोपल्यात ओतून आले.

जावयाचं ताट काढून घेतलेलं आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. मी परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून रडत होती. बाबा हात जोडून उभे. ईश्वरदास चपला घालत होते. ओरडले नाहीत. ओरडणारा माणूसच नव्हता तो. शांतपणे बोलले, "मामाजी, तुमची लहान पोट्टी तुम्हाले लखलाभ. आता मोठीलेही ठेवून घ्या. मी हिले नेत नाई."

ताई दाराशी उभी होती. नऊ वर्षांचा संसार, मूल नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून माहेरी परत. गल्लीत तिचं पुढं काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते ते सांगू शकत नाही. "जाते मी कन्हानला," असं म्हणणार होते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण खरं खोटं कोणाला ठाऊक? त्याआधी ताई बोलली.

"मले न्या. हात मीच बसवला तिचा."

ईश्वरदास वळले. चपला काढल्या, तिच्यापुढं आले आणि म्हणाले, "दाखव." बापासमोर, परक्यांसमोर ताईनं दोन्ही हात पुढं केले. त्यांनी ते उलटे केले, बोटं वाकवून पाहिली. नऊ वर्षं ज्या हातांनी त्यांना भाकर करून वाढली, ते हात त्यांनी पहिल्यांदा पाहिले. मग काकांना पुन्हा खड्ड्यात आणि तिला डाव्या पाटीवर बसवलं. इतक्या वर्षांनी बसली, पण तिसऱ्या ओळीपासून दाते माझ्यापेक्षाही सरस. चष्मेवाल्यानं वहीत लिहिलं.

त्यानंतर काय झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. ईश्वरदास पुन्हा पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "दुसरं ताट वाढा." आईनं डोळे पुसून वाढलं. ते पोटभर जेवले. ओमप्रकाश जेवला, बाबाही जेवले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. शी! बहिणीला माझ्या जागी बसवून नेत होते आणि मला भूक लागली होती.

ताई अकरा वर्षं त्या शेडमध्ये बसली. दादा खड्ड्यात, ती डाव्या बाजूला, आणि चारी बाजूंनी साठ यंत्रमाग. तिची खोली शेडच्या भिंतीला लागून होती, त्यामुळं झोपेतही तोच आवाज. पगार ईश्वरदासांच्या हाती पडायचा. वर्षातून एकदा दिवाळीला यायची. दरवेळी तिच्याशी आणखी मोठ्यानं बोलावं लागायचं. आधी डावा कान गेला, मग उजवाही बराचसा. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला. मी मधल्या काळात सक्करदऱ्याच्या एका शाळेतल्या शिपायाशी लग्न केलं, दोन मुलं झाली. माझे कान शाबूत आहेत.

एक्क्याऐंशीत सेठनं हातमाग काढून टाकले. आता त्याला करवतीसारखा दिसणारा काठ यंत्रावर काढता येऊ लागला होता. दादा आणि ताई दोघांनाही एकाच दिवशी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ईश्वरदास त्या वर्षीही दिवाळीला आले, ताईला घेऊन. बाबा तोवर गेले होते. आईनं पाट मांडला आणि वाढायला मी होते. हो, मीच वाढलं. ताट काढून घेणारी हीच.

जेवता जेवता ते खुशीत आले. किती सेठ, किती शेडी, किती कारागीर, सगळं सांगू लागले. धोंडबा रंगारी दारू प्यायला लागला, फुकट गेला म्हणाले. गोविंदा डोक्यानं मंद म्हणाले. मग घास गिळून म्हणाले, "इतकी माणसं आणली मी जिंदगीत, पन हिच्यासारखं पक्कं एकही निघालं नाई. अकरा वर्षांत एक खाडा नाई."

ताई भिंतीला टेकून बसली होती. नवरा आपल्याकडं बोट करून काहीतरी बोलतो आहे, एवढं तिला दिसलं. तिनं मला खुणेनं विचारलं, काय म्हणतात? सांगू नये असं मला फार वाटलं. पण ती वाट पाहत होती. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ते वाक्य तिला मोठ्यानं, शब्दन् शब्द सांगितलं.

ताईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती लाजली.